स्टीव्हन्सनची ओळख करून देताना नकाशा गाळू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा जन्म एडिंबरोचा, तारीख १३ नोव्हेंबर १८५०. त्याची ‘ट्रेझर आयलंड’ लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली ती १४ नोव्हेंबर १८८३ रोजी, म्हणजे आपल्या बालदिनाच्या तारखेला. बालपुरवणीत त्याची ओळख करून द्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. ती ओळख कशी द्यावी आणि त्या कादंबरीचा अनुवाद छापायचा झाल्यास काय सांभाळावे, याबद्दल हे पत्र आहे. पत्र लांबले आहे; पण थोडक्यात लिहिलेल्या परिचयांनीच या लेखकाचे नुकसान केले आहे.

संक्षिप्त आवृत्त्यांच्या सुरुवातीला त्याच्याबद्दल सहसा चार वाक्ये असतात. लहानपणापासून आजारी, अंथरुणाला खिळलेला, कल्पनेच्या जोरावर समुद्र आणि बेटे उभी करणारा, क्षयाने अकाली गेलेला. आजार खरा होता. छातीच्या दुखण्याने त्याला आयुष्यभर छळले, तोंडातून रक्त पडायचे, त्यासाठी दोन हिवाळे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला काढावे लागले. पण मृत्यू क्षयाने झालेला नाही. ३ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, सामोआतल्या स्वतःच्या घरी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला. त्या दिवशी सकाळीही तो आपली कादंबरी तोंडी सांगून लिहवून घेत होता. आणि समुद्र त्याने खिडकीतून पाहिला नव्हता. समुद्राशी झुंजणे हा त्याच्या घराण्याचा धंदा होता, आणि त्या धंद्याचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले होते.

आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली बेल रॉकचे दीपगृह १८०७ ते १८१० या काळात उभे राहिले आणि १ फेब्रुवारी १८११ रोजी त्यावर पहिल्यांदा दिवा लागला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत असलेला हा खडक भरतीला पूर्ण बुडतो. कामाला मिळायचे ते ओहोटीचे मोजके तास. दगड किनाऱ्यावर तासून, एकमेकांत अडकतील अशा खाचा पाडून, क्रमांक घालून नेले जायचे, कारण खडकावर जाऊन माप चुकल्याचे कळले तर ती ओहोटी वाया जाणार. सुमारे ३५ मीटर उंचीचा हा मनोरा आजही उभा आहे. काका अ‍ॅलन यांनी स्केरीव्होरचा ४८ मीटर उंचीचा मनोरा बांधला. त्याचा दिवा १८४४ मध्ये लागला. वडील थॉमस यांनी लाटेचा मारा मोजणारे यंत्र तयार केले. मार्च १८४५ मधल्या वादळात स्केरीव्होरला त्या यंत्रावर दर चौरस फुटाला ६,०८३ पौंड दाब नोंदला गेला, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ ३० टन.

थॉमस स्टीव्हन्सन यांचे एक काम आपल्या अंकात रोज छापून येते. शहराचे कमाल आणि किमान तापमान ज्या तापमापकांवरून घेतले जाते, ते वेधशाळेच्या आवारात एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेले असतात. पेटीच्या भिंतींना दुहेरी तिरप्या पट्ट्या असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आणि पाऊस थेट लागत नाही. पेटी पायांवर उभी असते, तापमापकाचा फुगा जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतो, आणि दार उत्तरेकडे असते, म्हणजे नोंद घेताना दार उघडले तरी सूर्य आत डोकावत नाही. या पेटीला ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’ म्हणतात. हे स्टीव्हन्सन म्हणजे आपल्या कादंबरीकाराचे वडील; पेटीची रचना त्यांनी १८६०च्या दशकात केली. बालपुरवणीत लेखकाच्या छायाचित्राशेजारी या पेटीचे चित्र छापले, तर मुलांना त्याच्या घरातली शिस्त एका नजरेत समजेल.

मुलाने हाच वारसा चालवावा अशी घरची अपेक्षा होती. १८६७ मध्ये त्याने एडिंबरो विद्यापीठात अभियांत्रिकीला नाव घातले. वर्गात तो फारसा बसला नाही, पण कामाच्या जागा त्याने पाहिल्या. १८६८च्या उन्हाळ्यात त्याला आधी अ‍ॅन्स्ट्रदर आणि मग विक या बंदरांच्या कामावर पाठवले. विकला वडिलांच्या कंपनीचा धक्का समुद्रात पुढे सरकत होता. तिथे त्याने पाणबुड्याचा पोशाख चढवला, डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत शिसे घालून तो तळाशी उतरला, पाण्याखाली दगड कसे बसवतात ते पाहिले, आणि जमिनीवर जड झालेले अंग पाण्यात किती हलके होते याचे सुरेख वर्णन पुढे एका लेखात केले. विकचा धक्का मात्र टिकला नाही. डिसेंबर १८७२च्या वादळाने त्याच्या टोकाचा, एकत्र जखडलेला १,३५० टनांचा भाग उचलून आत टाकला. त्याजागी २,६०० टनांचा भाग बसवला, तोही १८७७ मध्ये गेला, आणि काम सोडून द्यावे लागले. वडिलांच्या आयुष्यातले हे सर्वांत मोठे अपयश होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखात मुलाने ते झाकले नाही. समुद्र माणसाच्या आकडेमोडीला पुरून उरतो, हे त्याने घरातच पाहिले होते. त्याच्या गोष्टींतली माणसे योजना आखतात आणि भरती-ओहोटी ती योजना उधळते, त्याचे मूळ इथे आहे असे आम्हांला वाटते.

१८७० मध्ये तो पश्चिम किनाऱ्यावरच्या एरेड या लहानशा बेटावर तीन आठवडे होता. डू आर्टाख या दूरच्या खडकावरच्या दीपगृहाचे दगड तिथे तासले जात होते. १८७१च्या मार्चमध्ये त्याने ‘रॉयल स्कॉटिश सोसायटी ऑफ आर्ट्स’ या तंत्रविद्येच्या संस्थेपुढे दीपगृहांच्या उघडझाप होणाऱ्या दिव्याची नवी रचना मांडणारा निबंध वाचला. त्याला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर दोन आठवड्यांतच त्याने वडिलांना सांगितले की आपल्याला अभियंता व्हायचे नाही, लिहायचे आहे. तडजोड म्हणून कायद्याचा अभ्यास ठरला, १८७५ मध्ये सनद मिळाली, वकिली अशी काही केली नाही. पुढे १८९१ मध्ये सामोआत एका ओळखीच्या अमेरिकन अधिकाऱ्याच्या मुलीला त्याने आपला वाढदिवस रीतसर दस्त करून बक्षीस दिला, कारण ती नाताळच्या दिवशी जन्मल्यामुळे तिला स्वतंत्र वाढदिवस मिळत नसे. त्या दस्तात स्वतःच्या उपाध्या लिहिताना वकील आणि लेखक यांच्या जोडीला त्याने ‘अडकून राहिलेला स्थापत्य अभियंता’ असेही लिहिले आहे. गमतीत लिहिलेले असले तरी ते खरे होते.

आता ‘ट्रेझर आयलंड’कडे. चाच्यांनी बेटावर पुरलेल्या खजिन्याच्या शोधात निघालेल्या जिम या पोराची ही गोष्ट, बरीचशी त्याच्याच तोंडून सांगितलेली. १८८०च्या मे महिन्यात त्याने सॅन फ्रान्सिस्कोत फॅनी ऑसबोर्न या अमेरिकन स्त्रीशी लग्न केले. तिचा मुलगा लॉइड तेव्हा १२ वर्षांचा होता. १८८१च्या उन्हाळ्याच्या अखेरीस हे कुटुंब स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ब्रेमारला राहिले होते. पाऊस थांबत नव्हता. मुलाला रमवायला रंगपेटी निघाली आणि एका बेटाचा नकाशा तयार झाला. गोष्ट त्यानंतर सुचली. नकाशातल्या झाडीतून माणसे डोकावू लागली, असे त्याने सांगितले आहे. मुलाची एक अट होती: गोष्टीत बायका नकोत. त्यामुळे जिमची आई सोडली तर त्यात जवळपास कोणी स्त्री नाही. आजचा वाचक याबद्दल प्रश्न विचारील, आणि त्याने तो विचारावाही. पण कारण इतके साधे आहे.

पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे झाली आणि सोळाव्याच्या सुरुवातीलाच लेखणी अडली, अशी हकीकत त्याने १८९४ मध्ये एका मासिकात स्वतः लिहून ठेवली आहे. उरलेले पुस्तक दाव्होसच्या हिवाळ्यात पुन्हा रोज एक प्रकरण या वेगाने पूर्ण झाले. पुस्तक उघडून सोळावे प्रकरण पाहावे. तिथे निवेदक बदलतो. पंधराव्या प्रकरणापर्यंत जिम बोलत असतो. सोळा, सतरा आणि अठरा ही तीन प्रकरणे जिमच्या बाजूचे डॉक्टर लिव्हजी सांगतात. जिम एकटाच बेटावर उतरला आहे, जहाजावर काय चालले आहे हे त्याला दिसणे शक्य नाही, मग सांगणारा दुसरा हवा. जिमला न दिसलेले जिमच्या तोंडी घालायचे नाही, ही शिस्त लेखकाने पाळली. अनेक संक्षिप्त आवृत्त्या ही तीन प्रकरणे वितळवून पुन्हा जिमच्याच तोंडी देतात. मग जिमला सगळेच ठाऊक असल्यासारखे होते, आणि आपली माणसे बेटावरच्या लाकडी गढीत कशी पोचली याची त्याला लागलेली काळजी खोटी पडते.

या गोष्टीत वडीलही सामील झाले. ज्याच्या पेटीत खजिन्याचा नकाशा सापडतो त्या बिली बोन्स या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय निघावे याची यादी थॉमस स्टीव्हन्सन यांनी एका जुन्या कायदेशीर लिफाफ्याच्या पाठीवर, दिवसाचा बराच वेळ खर्चून तयार केली, आणि मुलाने ती जशीच्या तशी वापरली. कोन मोजायचे जहाजी यंत्र, टिनचा पेला, तंबाखू, पिस्तुलांच्या दोन जोड्या, चांदीची लगड, जुने स्पॅनिश घड्याळ, पितळी कंपास आणि वेस्ट इंडीजचे पाच-सहा शिंपले. प्रत्येक वस्तू म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत असायलाच हवी अशी आहे. संक्षेप करणारा ही यादी पहिल्यांदा उडवतो, कारण तिच्यात ‘काही घडत नाही’. चाच्यांचा म्होरक्या लॉन्ग जॉन सिल्व्हर याचा एक पायही हवेतून आलेला नाही. स्टीव्हन्सनचा मित्र, कवी डब्ल्यू. ई. हेन्ली याचा डावा पाय हाडांच्या क्षयामुळे गुडघ्याखाली कापला होता. पाय गेलेल्या माणसाचा तो दरारा पाहून सिल्व्हर सुचला, हे स्टीव्हन्सनने त्याला पत्रातून कळवले आहे.

१ ऑक्टोबर १८८१ ते २८ जानेवारी १८८२ या काळात ‘यंग फोक्स’ या साप्ताहिकात कॅप्टन जॉर्ज नॉर्थ या टोपणनावाने ही गोष्ट क्रमशः आली. तिथे ती फारशी गाजली नाही. साप्ताहिकाच्या वाचकांना त्याची पुढची ‘द ब्लॅक अ‍ॅरो’ अधिक आवडली. पुस्तकासाठी कॅसेल कंपनीने १०० पौंड दिले तेव्हा त्याने आईवडिलांना नाचून-बागडून पत्र लिहिले. पण याच वेळी एक घोटाळा झाला. हस्तलिखिताबरोबर पाठवलेला मूळ नकाशा प्रकाशकाला मिळालाच नाही. नकाशा काढून त्यावर गोष्ट लिहिणे सोपे. लिहून झालेल्या गोष्टीतून दिशा, अंतरे, टेकड्या यांचा एकेक उल्लेख वेचून, हातात कंपास घेऊन, सगळ्याशी जुळेल असा नकाशा नव्याने काढणे फार अवघड. ते काम वडिलांच्या कचेरीत झाले. कोपऱ्यांत व्हेल मासे आणि शिडाची जहाजे आली, आणि खजिना पुरणारा चाचा कॅप्टन फ्लिंट याची सही व बिली बोन्सच्या हातच्या सूचना खुद्द वडिलांनी हस्ताक्षर बदलून लिहिल्या. दीपगृहे बांधणाऱ्या कचेरीत तयार झालेला हा नकाशा आहे. तो शोभेचे चित्र समजून टाकून देणे योग्य नाही.

नकाशा गोष्ट कशी चालवतो, ते पाहा. बेट नऊ मैल लांब आणि पाच मैल रुंद, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर गुणिले ८. त्याला दोन बंदरे आहेत, आणि दोन आहेत म्हणूनच ‘हिस्पॅनिओला’ हे गोष्टीतले जहाज एका बंदरातून सुटून दुसऱ्यात गेले, असे लेखक सांगतो. ‘सांगाड्याचे बेट’ हे नाव त्याने कानाला बरे वाटले म्हणून नकाशावर लिहिले होते. मग त्या नावाला अर्थ हवा म्हणून दिशा दाखवणारा सांगाडा आला, आणि ती कल्पना आपण एडगर अ‍ॅलन पोकडून उचलली हेही तो मान्य करतो. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा प्रवाह आहे, हे सिल्व्हरच्या तोंडून आधीच सहज येऊन गेलेले असते. पुढे जिमची चिमुकली होडी त्याच प्रवाहाने वाहत जाते तेव्हा वाचकाला ते पटते. उत्तरेच्या बंदरात शिरल्यावर जहाज लगेच वाळूवर घालता येत नाही, पाणी पुरेसे चढेपर्यंत थांबावे लागते. त्या थांबण्याच्या वेळेतच जहाजावरचा चाचा इझ्रेल हँड्स सुरी मिळवायचा डाव रचतो. भरतीचा उल्लेख गाळला तर डाव रचायला वेळ कुठून मिळाला हे कळत नाही.

चाच्यांच्या ताब्यातल्या जहाजाचा दोर जिम कापतो, तो प्रसंग बघा. संक्षेपात एक वाक्य असते: रात्री जिमने नांगराचा दोर कापला. मूळ गोष्टीत ओहोटीच्या ओढीने दोर तारेसारखा ताणलेला आहे. तसाच एकदम कापला तर त्याच्या झटक्याने जिमची कातड्याची होडी पाण्याबाहेर फेकली जाईल. म्हणून तो थांबतो. वाऱ्याची झुळूक जहाजाला पुढे ढकलते, दोर क्षणभर सैल पडतो, तेव्हा तो एकेक पीळ कापत जातो. शेवटचे दोन पीळ उरल्यावर पुन्हा झुळकेची वाट पाहतो आणि मग ते तोडतो. रत्नागिरी-मालवणच्या कोणत्याही दर्यावर्द्याला हे वाचून मान डोलवावीशी वाटेल. सगळी भीती त्या वाट पाहण्यात आहे.

डॉक्टरांच्या प्रकरणातली लहान होडीची शेवटची खेपही अशीच. पाच माणसे, त्यांतली तिघे सहा फुटांहून उंच, वर बंदुकीची दारू, डुकराचे मांस आणि पावाच्या पिशव्या. होडी जेवढे पेलू शकते त्याहून जास्त वजन. त्यात ओहोटीचा ओढा तिला उतरायच्या जागेपासून बाजूला नेतो. होडीचे तोंड प्रवाहाकडे केले तर पुढे सरकत नाही, किनाऱ्याकडे केले तर भलतीकडे जाते. शेवटी ती बुडते तीन फूट पाण्यात. माणसे वाचतात, पण पाचपैकी दोनच बंदुका कोरड्या राहतात, आणि पुढच्या हल्ल्यात हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

अनुवादात हमखास चुकते ते दिशांचे गणित. खलाशांचे होकायंत्र ३२ भागांचे असते. एक भाग सव्वाअकरा अंशांचा. नकाशाच्या पाठीवरची पहिली खूण आहे उत्तर-ईशान्य या दिशेच्या एक भाग उत्तरेला. म्हणजे साडेबावीस वजा सव्वाअकरा, उत्तरेपासून सव्वाअकरा अंश पूर्वेकडे. अनुवादक ‘ईशान्येला’ लिहून मोकळा होतो, आणि ईशान्य म्हणजे ४५ अंश. एक मैल चालल्यावर या फरकामुळे माणूस इष्ट जागेपासून अर्ध्या मैलाहून जास्त दूर पोचेल आणि खजिना कधीच सापडणार नाही. सांगाडा दाखवतो ती दिशाही अशीच आहे: पूर्व-आग्नेयेच्या एक भाग पूर्वेला, म्हणजे १०१ अंश १५ मिनिटे. मुलांसाठी शब्द सोपे करावेत. अंश तळटीपेत द्यावेत. नकाशावरचे खोलीचे आकडे फॅदममध्ये आहेत. त्याला आपल्या किनाऱ्यावर ‘वाव’ हे माप आहेच, दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी, सुमारे १.८ मीटर.

‘किडनॅप्ड’ (१८८६) या त्याच्या दुसऱ्या मोठ्या साहसकथेत एरेड बेट परत येते. जहाज फुटल्यावर कथानायक डेव्हिड बॅल्फर तिथे अडकतो, कच्चे शिंपले खाऊन आजारी पडतो, चार दिवस कुडकुडत काढतो. जाणाऱ्या कोळ्यांच्या हसण्यातून त्याला उशिरा कळते की हे बेट ओहोटीला जमिनीला जोडले जाते; पाण्यातून चालत पलीकडे जाता आले असते. समुद्राकाठी वाढलेला मुलगा एक दिवसही तिथे राहिला नसता, असे तो स्वतःच म्हणतो. ही युक्ती त्या बेटावर तीन आठवडे राहिलेल्यालाच सुचावी. कादंबरीतला खून खरा आहे. १४ मे १७५२ रोजी कॉलिन कॅम्पबेल या सरकारी कारभाऱ्याला लेटरमोरच्या रानात गोळी घातली गेली, आणि त्यासाठी जेम्स स्ट्यूअर्ट या माणसाला ८ नोव्हेंबरला फाशी दिले. स्टीव्हन्सनने खटल्याचा छापील वृत्तान्त वाचला होता. कथेत त्याने खून १७५१ मध्ये नेला आणि जहाज ज्यांवर फुटते ते टोरनचे खडक एरेडच्या जवळ सरकवले, आणि हे दोन्ही बदल अर्पणपत्रिकेत उघड सांगून टाकले. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांनी ही अर्पणपत्रिका जरूर वाचावी.

त्याच्या हातूनही चुका झाल्या. ‘प्रिन्स ऑटो’ या कादंबरीत चंद्राच्या वेळा चुकल्या. कोणीतरी दाखवून दिल्यावर त्याने नियम केला की पंचांग जवळ असल्याशिवाय लिहायचे नाही. पंचांग, प्रदेशाचा नकाशा आणि प्रत्येक घराचा आराखडा, एवढे समोर असले की ढोबळ चुका टळतात, हा त्याचा सल्ला आहे. उदाहरणे त्याने आपल्याच भूमीतल्या सर्वांत मोठ्या कादंबरीकाराची दिली. वॉल्टर स्कॉटच्या एका कादंबरीत सूर्य पूर्वेला मावळतो. दुसरीत तातडीच्या कामावर निघालेले दोन स्वार शंभरेक मैलांना सहा दिवस घेतात, आणि आठवडा संपायच्या आत त्याच घोड्यांवर एका दिवसात पन्नास मैल जातात. स्कॉटवर त्याची भक्ती होती. चूक तरीही चूक म्हणून सांगितली. त्याच्या आधीच्या पिढीतला एडिंबरोचाच साहसकथाकार रॉबर्ट मायकेल बॅलन्टाइन याने ‘द कोरल आयलंड’मध्ये नारळाच्या कवचाची जाडी चुकवली होती. झाडावरून उतरवलेला नारळ सोलायला काय लागते हे कोकणातल्या पोराला सांगावे लागत नाही, पण बॅलन्टाइनला ते माहीत नव्हते. त्या चुकीने तो इतका खजील झाला की पुढे प्रत्येक विषय प्रत्यक्ष पाहून लिहू लागला, आणि दीपगृहावरच्या कादंबरीसाठी बेल रॉकवर, म्हणजे स्टीव्हन्सनच्या आजोबांनी उभारलेल्या मनोऱ्यात, जाऊन राहिला. ‘ट्रेझर आयलंड’च्या आरंभीच्या कवितेत स्टीव्हन्सनने त्याला मानाने आठवले आहे.

वडील १८८७च्या मे महिन्यात गेले आणि ऑगस्टमध्ये स्टीव्हन्सनने ब्रिटन सोडले ते कायमचेच. जून १८८८ मध्ये ‘कॅस्को’ या भाड्याच्या नौकेतून तो पॅसिफिकवर निघाला, आणि अखेर सामोआतल्या उपोलू बेटावर, आपिया गावापासून पाचेक किलोमीटरवर, तीनशे एकरांहून मोठी जमीन घेऊन राहिला. या पर्वाचे वर्णन सहसा सुट्टीसारखे केले जाते, आणि ते आम्हांला मान्य नाही. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका ही तीन राष्ट्रे सामोआत आपापले राजे पुढे करून लढाया लावत होती. स्टीव्हन्सनने त्यावर लंडनच्या ‘टाइम्स’च्या संपादकांना नावानिशी, तारखांनिशी पत्रे लिहिली. १८९२ मध्ये या कारभाराचा सगळा इतिहास पुस्तकरूपाने मांडला. त्याला बेटावरून हद्दपार करण्याची भाषाही झाली. पराभूत पक्षाचे सरदार आपियाच्या तुरुंगात होते तेव्हा त्याने त्यांना अन्न पुरवले. १८९४ मध्ये सुटल्यावर त्या सरदारांनी, मोठ्या घराण्यांतल्या माणसांनी, स्वतःच्या हातांनी त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. रस्ता ऑक्टोबरमध्ये पुरा झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो गेला. त्याला वाएआ डोंगराच्या माथ्यावर पुरायचे होते. तिथे वाट नव्हती. सामोअन लोकांनी रातोरात झाडी तोडून वाट काढली आणि दुसऱ्या दिवशी शवपेटी खांद्यांवरून वर नेली.

आता अनुवाद छापण्याबाबत. स्टीव्हन्सनच्या मृत्यूला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला असल्याने मूळ साहित्यावर स्वामित्वहक्क उरलेला नाही. जुना मराठी अनुवाद घ्यायचा असेल तर मात्र अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे झाली आहेत का ते तपासावे लागेल. त्यापेक्षा नवा करून घेणे चांगले. कादंबरीत सहा भागांत ३४ प्रकरणे आहेत. दर रविवारी एक दिले तर १४ नोव्हेंबरच्या आसपास सुरू झालेली मालिका पुढच्या जुलैपर्यंत चालेल. प्रकरणे मध्येच तोडू नयेत. ती साप्ताहिकात क्रमशः आलेली असून प्रत्येकाचा शेवट पुढच्या अंकाची ओढ लावूनच होतो.

नकाशा पहिल्या हप्त्याबरोबर निदान अर्धे पान मोठा छापावा. दोन स्तंभांत कोंबला तर खोलीचे आकडे वाचता येत नाहीत आणि मग तो नुसता नक्षी होऊन बसतो. नावे मराठीत घालताना मूळ अक्षरे पुसून नवी लिहिण्यापेक्षा क्रमांक टाकून शेजारी सूची द्यावी, म्हणजे किनाऱ्याची रेषा खराब होत नाही. मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण कापली जाणार नाही हे मांडणी करणाऱ्याला आवर्जून सांगावे. चौकट बसवताना बळी जातात ती नेमकी हीच दोन. तेराव्या प्रकरणापासून, म्हणजे गोष्ट बेटावर उतरल्यावर, नकाशा दर तीन-चार आठवड्यांनी लहान आकारात पुन्हा द्यावा आणि त्या हप्त्यातली हालचाल तुटक रेषेने दाखवावी. सोळाव्या हप्त्याच्या डोक्यावर ‘येथून पुढे डॉक्टर लिव्हजी सांगतात’ अशी ओळ ठळक असावी, आणि एकोणिसाव्यावर निवेदन जिमकडे परतल्याची.

अनुवादासाठी १८८३च्या पुस्तकाचीच संहिता घ्यावी. साप्ताहिकातला मजकूर लेखकाने पुस्तकाच्या वेळी दुरुस्त केला होता. इंग्रजी संक्षिप्त आवृत्तीवरून मराठी करणे तर टाळावेच. त्यांत ताणलेला दोर, बुडालेली होडी आणि डॉक्टरांची प्रकरणे बहुधा आधीच कापलेली असतात. दिशा, अंतरे आणि भरतीच्या वेळा यांचा तक्ता अनुवादकाने काम सुरू करण्यापूर्वी करून घ्यावा आणि प्रत्येक हप्ता छपाईला जाण्याआधी त्याच्याशी ताडून पाहावा. असा तक्ता तयार करून द्यायला आणि हप्ते तपासायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले स्नेहांकित,
भाषा आणि भूगोल शिकवणारे काही शिक्षक, पुणे